शिडी विकून घेतलेली पाटी

मी लग्नाच्या भिंती रंगवायचो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे लग्न ठरलं की घराच्या दाराशेजारी गणपती, खाली नवरा-नवरीची नावं आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब काढून घ्यायची पद्धत होती. मोसमात मला जेवायला फुरसत नसे. मग फ्लेक्सचे बॅनर आले, आणि नेमका त्याच सुमारास माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, वर हात करून करायचं काम सोडा. मी म्हटलं, कामानंच मला सोडलंय, तुम्ही जरा उशिरा सांगताय. त्यांना हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं.

शहापुरात एक बॅनरचं दुकान होतं. मालक माझ्यापेक्षा लहान, पण माणूस सरळ. तो म्हणाला, "पेंटर, माझ्याकडे तयार गणपतींची सीडी आहे. पण सगळ्या लग्नांत तोच गणपती जातो, लोक आता नावं ठेवतात. तुमच्या हातचा गणपती कॉम्प्युटरवर उतरला तर मी तुम्हाला ठेवतो. येती लग्नसराई बघू. नाय जमलं तर सीडी आहेच." म्हणजे एका लग्नसराईत माझं काय ते ठरणार होतं. दुसरं कुठलंही काम मला येत नव्हतं आणि नवीन शिकायची उमेदही राहिली नव्हती.

माउसने मी सोंड काढली तर ती दुधीभोपळ्यासारखी आली. मालक म्हणाला, यासाठी टॅब्लेट मिळतो, पाटीसारखा, त्यावर पेनाने काढायचं की चित्र पडद्यावर उमटतं. तो त्याने स्वतः का घेतला नाही, हे मी विचारलं नाही. दुकान भाड्याचं होतं, प्रिंटिंगसुद्धा तो कल्याणहून करून आणायचा.

मग मुंबईच्या कॉम्प्युटर बाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. आटगावला आमचं घर, तिथून सकाळी निघायचं, दुकानादुकानातून फिरायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. खोक्यांवर दाबाच्या लेव्हल आणि इंचाला किती रेघा असलं काहीबाही लिहिलेलं असे, ते सगळं माझ्या डोक्यावरून जाई. विचारलं तर दुकानदार तेच पुन्हा मोठ्याने वाचून दाखवत. चांगले टॅब्लेट बघायचेच नव्हते, त्यांची किंमत ऐकूनच पाय मागे येत. आवाक्यातले दोनच होते. एक वहीएवढा मोठा आणि स्वस्त, पण त्याच्या पेनाच्या पोटात सेल. दुसरा जेमतेम पोस्टकार्डाएवढा, त्याचं पेन बिनसेलचं, आणि तो जास्त महाग. लहान वस्तू महाग आणि मोठी स्वस्त, हा हिशेब माझ्या बायकोला काही केल्या पटेना.

"अवो, मोठी पाटी घ्या ना," ती म्हणाली. "तुमी भिंतीचं माणूस. एवढ्याशा पाटीवर तुमचा हात मावंल का?"

मलाही तसंच वाटत होतं. मोठाच घ्यायचा असं ठरवून मी गेलो. दुकानदार खोकं उघडायला तयार नव्हता, मी हटलो नाही, शेवटी वैतागून त्याने दोन्ही उघडली. मी कॉम्प्युटरला काही जोडा म्हटलंच नाही. नवा ब्रश घेताना बघतो तसं पेन बोटांत धरलं, डोळे मिटले आणि काउंटरवर ठेवलेल्या दोन्ही पाट्यांवर आळीपाळीने नुसत्या सोंडा काढायला लागलो. सेलवाल्या पेनाचं डोकं जड होतं. वळणावर मनगट अडायचं, मोठ्या पाटीवर अख्खा हात फिरवावा लागायचा, आणि तिसऱ्या सोंडेला कळ थेट खांद्यात गेली. लहान पाटीवर नुसतं मनगट वळवलं तरी गणपती पुरा होत होता. माझ्याकडे आता मनगटच उरलं होतं.

दुकानदार शेजाऱ्याला म्हणाला, "काका हवेत गणपती काढतायत." मी लहान पाटीची किंमत पुन्हा विचारली.

पैसे कमी पडत होते म्हणून घडीची अॅल्युमिनियमची शिडी विकली. गावातल्याच एका पेंटरला हवी होती. माझ्या बायकोने ती शिडी वर्षानुवर्षं खाली उभं राहून धरली होती. द्यायच्या आधी तिने ओल्या फडक्याने सगळ्या पायऱ्या पुसल्या, रंगाचे जुने डाग नखाने खरवडले. मला म्हणाली, "लोकाच्या घरी घाण नको जायला." मी अंगणात थांबलो नाही.

पाटी आली, पण नजर बसेना. वडिलांनी मला शिकवलं होतं की ब्रशच्या टोकावरून डोळा हलवायचा नाही. इथे हात टेबलावर आणि चित्र समोर पडद्यावर. मी सारखा हाताकडे बघायचो, तिथे तर कोरं प्लास्टिक. कितीतरी दिवस माझ्या गणपतीचा एक कान दुसऱ्यापासून फटकून राहायचा. मालक मागून बघायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचा. पण जमलं. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा माझा गणपती पडद्यावर माझा वाटायला लागला होता.

पहिलं काम मुरबाडच्या पलीकडच्या एका गावातलं, हळदीचा मोठा बॅनर. मी गणपती जीव ओतून काढला आणि डोळे तेवढे रिकामे ठेवले. वडिलांची रीत होती, डोळे शेवटी घालायचे. सगळं रंगवून झालं की घरातली सवाष्ण ब्रशला हळदकुंकू लावणार, मगच डोळे, तोवर ते नुसतं चित्र. नवरीचा बाप म्हणाला होता, "उद्या मंडळी घेऊन दुकानात येतो." मी धरून चाललो की बाईमाणूस येईल, कुंकू लावेल, मग मी डोळे घालीन. भिंत कधी आपल्याला सोडून कुठे जात नाही. फाइल जाते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी घरी गेलो आणि मालकाने बाकीच्या कामांबरोबर तीही न उघडता कल्याणला छापायला पाठवून दिली. मंडळी बाजाराला कल्याणला गेली होती, त्यांनी तिथूनच गुंडाळी उचलली.

हळदीच्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला. मालकाने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "पेंटर, गणपतीला डोळेच नायत म्हणतात."

मालक म्हणाला, "तुम्हीच जा आणि निस्तरा. मला आत्ता काय बोलायला लावू नका." घरी कळवलं तर बायको जुना रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शहापूरच्या स्टँडवर हजर. डबा सांभाळत एका हाताने एसटीत मला धरून उभं राहता येत नाही, म्हणून ती आली होती. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप. वाटभर मी मनात सीडीतले तयार गणपती मोजत होतो.

बॅनर मंडपाच्या कमानीवर उंच बांधलेला. खाली माणसं माना वर करून उभी. नवरीचा बाप काही बोलायच्या आत मी म्हणालो, "चूक माझी. डोळे मी सवाष्णीच्या हातचं कुंकू लागल्यावर घालतो. पण माझा हात वर जात नाय, आणि शिडी मी विकली."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर नवरीची आजी पुढे झाली. "मग बघता काय? उतरवा की देवाला!"

चौघांनी बॅनर सोडला आणि मंडपात चटईवर पसरला. मी मांडी घालून बसलो. बायकोने डबा उघडला. नवरीच्या आईने ब्रशला हळदकुंकू लावलं. मग मी ब्रशच्या टोकावर नजर ठेवली आणि डोळे घातले, आधी उजवा, मग डावा. आजी म्हणाली, "फ्लेक्स आल्यापासून डोळे घालाया कोण येतच नाय. आमाला वाटलं, ती रीत गेली." पाहुण्यांतल्या एकाने मला विचारलं, "आमच्याकडं पण हळद हाय. तुमी याल का?"

नवरीच्या बापाने मालकाला फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मालकाने ऑर्डरची वही उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "पेंटर, सोमवारसाठी दोन गणपती आलेत. डोळे ठेवा रिकामे, पण गिऱ्हाइकाला आधी सांगत जा. आणि डोळे घालायला जायचं तुम्हालाच."

म्हणजे पुन्हा एसट्या, पुन्हा जीप, पुन्हा गावोगाव. पाटी घेतल्यावर निदान ते तरी सुटेल असं वाटलं होतं. परतताना जीप भरेपर्यंत हलेना. अंग मोडून आलं होतं, खांदा ठणकत होता. बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"हात वर जात नाय तर नाय," ती म्हणाली. "देव खाली आला ना."

"गप गो," मी म्हणालो आणि तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं, कारण मला रडू आलं होतं.