सिंहालाही छान म्हणणारे बाबा

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात कधी काही पसंत पडलं नव्हतं. दोन हजार बाराच्या सुमारास सासू-सासरे दोघं पहिल्यांदा जर्मनीत, स्टुटगार्टला आमच्याकडे आले, तेव्हा इथला ब्रेड त्यांना विटेसारखा लागला. घरापुढचा चढ बघून म्हणाले, "घर घेताना डोळे कुठे होते तुमचे?" सासूबाई कसल्या ऐकतात. "मग खाली स्टेशनवरच राहा," म्हणाल्या. सकाळच्या चहाबरोबर दोघांचं जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. मी ओट्यापाशी दातओठ खात ऐकायचे.

पुढे सासूबाई गेल्या आणि आम्ही बाबांना इकडे आणलं. त्यांनी नावं ठेवणंच सोडलं. आमटी कशी झालीय? छान. थंडी वाजतेय का? नाही, छान आहे. एकदा भातात मीठ घालायचं राहिलं, तोही छान. ताटात मात्र अर्धं जेवण तसंच. "बाबा किती शांत झालेत," नवरा म्हणाला. शांत कसले, डोंबल. माणूस आतून विझत चालला होता. हे असेच एक दिवस छान छान म्हणत निघून जातील, अशी मला धास्तीच बसली होती.

बाबांना तरुणपणापासून जंगलाचं वेड. म्हणून नवऱ्याने हात सैल सोडला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी अभयारण्यातली सफारी ठरवली. सगळा राजेशाही थाट. तंबू नुसता म्हणायला. आत टबात डुंबत समोरच्या पाणवठ्यावरचे हत्ती बघायचे. जीपमधून उतरलं की हातात गार ओला टॉवेल. बाबा शाकाहारी, तर आचारी रोज स्वतः येऊन विचारायचा, उद्या काय करू म्हणून. आम्हीही त्यांना फुलासारखं जपत होतो. एका पहाटे सिंह अगदी जीपला खेटून गेला. मी नवऱ्याचा दंड गच्च धरला. बाबा म्हणाले, "छान आहे."

सिंह बघूनही ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही, त्याला आता आणखी काय दाखवायचं?

परत आल्यावर रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातलं एक मराठी जोडपं जेवायला आलं. टीव्हीवर सफारीचे फोटो चालू होते. "काका, नशीब काढलंत," ती बाई म्हणाली. "किती करतात हो तुमचं." बाबा म्हणाले, "हो, छान होतं सगळं." आणि ताटातल्या पुऱ्यांना हातही लावला नव्हता. मी सकाळपासून उभी. माझं डोकंच फिरलं.

"कसलं छान, बाबा?" मी म्हणाले. "पहाटेचे कुडकुडत बसलात. सिंहाने ढुंकून बघितलं नाही. आणि तिथल्या त्या भोपळ्याच्या सुपाला काही चव होती का? कशाला खोटं बोलता?"

नवऱ्याने टेबलाखालून मला पाय मारला. पाहुणे खाली मान घालून ताटाकडे बघत राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. आता हे उठून खोलीत जाणार, असं मला वाटलं.

"पांचट होतं सूप," ते म्हणाले.

मग थांबेचनात. "आणि सिंह कसला तो. दुपारच्या जेवणानंतर पंख्याखाली लवंडलेला जावई बरा. चहाला आलं नाही, दूध वेगळं, तेही गार. आणि तो ओला टॉवेल सारखा हातात कशाला देतात? आम्ही काय आंघोळ न करता येतो?"

"मग तिथेच का नाही बोललात?"

"कोणाशी बोलू? तुम्ही सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलता. ती असती तर तिथल्या तिथे भांडली असती." सासूबाई गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदा त्यांचा विषय काढला होता. मग त्यांनी पुरीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. "वातड झाल्यात."

"गरम होत्या तेव्हा खायच्या होत्या," मी म्हणाले आणि कढई पुन्हा तापत ठेवायला आत गेले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. इतक्या महिन्यांनी माझा जीव भांड्यात पडला.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "तेल नीट तापू दे गं, नाहीतर याही वातड होतील."

"मला शिकवू नका," मी तिथूनच ओरडले.