दीड पौंडाचा अहेर

वाळवंटातल्या युमा गावात जूनमध्ये लग्न काढणं म्हणजे तव्यावर पंगत बसवणं. पण मार्लाचा नवरदेव पलटणीत, आणि त्याची रजा तेवढ्याच आठवड्याची. त्यामुळे दुपारी चार वाजता, पंचेचाळीस अंशांत, आम्ही दीडशे माणसं कोट-टायसकट चर्चमध्ये जमलो होतो. घामाघूम सगळेच होते. चुळबुळत होता तो एकटा डेलबर्ट स्टबलफील्ड, मुलीचा बाप.

तसा डेलबर्ट एरवीही स्थिर बसणारा प्राणी नव्हे. घरोघरचे कूलर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि रविवारी गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्टीवर आपली जुनी काळी गाडी पाव मैल पळवणं हा धर्म. पाव मैलाला साडेनऊ सेकंद लागतात. तेवढ्यासाठी हा गृहस्थ आठवडाभर जळत असतो. गाडीच्या अंगात यावं म्हणून इंजिनात नायट्रस वायू सोडतात. तो ज्यात भरतात ती मांडीएवढी जाड निळी बाटली म्हणजे डेलबर्टचं लाडकं अपत्य. ऊन लागलं की आतला दाब चढतो. फार चढला की मानेजवळची पातळ चकती फुटून वायू भसकन बाहेर पडतो. मुद्दाम तशी सोय केलेली असते, नाहीतर बाटलीच फुटायची. मात्र बंद खोलीत हे झालं तर जवळच्या माणसाचा श्वास कोंडेल. म्हणून उन्हाळाभर बाटलीचा मुक्काम मागच्या उघड्या पडवीत, उत्तरेच्या सावलीत, आणि तिच्या दिमतीला स्वतंत्र कूलर.

"माझ्या स्वयंपाकघरातला कूलर दोन वर्षं खडखडतोय," त्याची बायको रेलीन सांगत असते. "बाटलीचा बघा, कसा मांजरासारखा घुरघुरतो."

जेवताना डेलबर्ट तीनदा उठून बाटलीचा काटा बघून येतो. मार्लाच्या शाळेच्या पदवीदान समारंभात तिचं नाव पुकारलं, तेव्हाही हा बाहेर गाडीपाशी बाटलीवर ओला टॉवेल पिळत होता. मार्लाने त्यावर कधी भांडण केलं नाही. लग्न ठरल्यावर एवढंच म्हणाली, "डॅड, त्या दिवशी बाटली घरी राहील. मला हाताला धरून नेताना तू फक्त माझ्याबरोबर असशील." डेलबर्टने शब्द दिला होता.

आणि लग्नाच्या सकाळी सहाला तो बाटली भरून आणायला गेला.

त्याचंही एक म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी शर्यत, आणि वायू भरणारा ऑरिन उन्हाळ्यात फक्त पहाटेच्या गारव्यात भरून देतो. बाटली परस्पर पडवीत ठेवली की कोणाला पत्ता लागणार नव्हता. पण वाटेतच रेलीनचा फोन आला की सरबताला बर्फ कमी पडतोय. मग बर्फ, मग फुलं, मग मावशी. शेवटी काळी गाडी चर्चच्या काळ्या डांबरावर भर उन्हात उभी राहिली, डिकीत पट्ट्यांनी जखडलेल्या बाटलीसकट. आवारात झाड एकच, आणि त्याखाली नवरदेवाकडच्यांच्या गाड्या.

डिकीचं झाकण त्याने फटभर उघडं ठेवलं, बाटलीवर ओला टॉवेल टाकला. अर्ध्या तासात तो टॉवेल भिजवायला दोनदा बाहेर जाऊन आला.

"डेल, एकदा डॉक्टरला दाखवून घे," रेलीन कुजबुजली. "या वयात हे असं सुरू होतं म्हणतात."

तेवढ्यात ऑरिन आला. नवा शर्ट, केसांना तेल, चेहऱ्यावर उपकार केल्याचा आनंद. डेलबर्टच्या कानाशी लागून म्हणाला, "मार्लासाठी काही आणलं नाही असं समजू नकोस. दहाच्या बाटलीत साडेअकरा पौंड भरलाय. वरचा दीड माझा अहेर."

डेलबर्टचा चेहरा चुन्यासारखा झाला. काठोकाठ भरलेली बाटली उन्हात ठेवणं म्हणजे काय, ते लग्नातल्या दोघांनाच कळत होतं, आणि त्यातला एक खुशीत हसत होता.

"ऑरिन, ती गाडीत आहे."

"सावलीत ना?"

डेलबर्ट तडक दाराकडे निघाला. पण दाराशीच मार्ला उभी होती, पांढऱ्या पोशाखात, हातात फुलं. आत ऑर्गन सुरू झालेला.

"कुठे निघालास?"

"पाणी प्यायला."

"डॅड, माझी थोरली बहीण डिकीत आहे ना?"

डेलबर्ट टाय ओढत उभा राहिला. मग ऑरिनच्या अहेराचंही त्याने सांगून टाकलं. मार्लाने फुलं रेलीनच्या हातात कोंबली आणि झगा गुडघ्यापर्यंत उचलून ती तरातरा चालायला लागली. बोलणी खाल्ली असती तर डेलबर्टला जास्त बरं वाटलं असतं.

डिकी उघडली. काटा लाल खुणेच्या पुढे. आवारात आणखी कोणी नव्हतं. मार्लाने वाऱ्याची दिशा बघितली, बापाला दंडाला धरून वारा पाठीशी येईल असं उभं केलं. "तोंड बाजूला ठेव. हात आणि झडपेच्या मधे कोट धर. जरासंच फिरव."

डेलबर्टने झडप किंचित फिरवली. फुस्स करून पांढरा लोट उठला. चर्चच्या खिडक्यांत टोप्यांची गर्दी झाली. गाडी पेटली असं समजून पाद्री बादली घेऊन पायऱ्यांपर्यंत आले. ऑर्गनवाल्या बाईंनी तेच गाणं तिसऱ्यांदा पहिल्यापासून धरलं. काटा हळूहळू खाली आला आणि लाल खुणेच्या अलीकडे थांबला.

"बस," डेलबर्ट म्हणाला आणि झडप बंद केली. "उद्याच्यापुरता उरला."

"उरला," मार्ला म्हणाली. "तासभर निभेल कदाचित. पण तो तासभर तू आत दाराकडे बघत बसशील. बघ, तुझं तू ठरव."

ती वळली नाही, रागावलीही नाही. नुसती उभी राहिली, कपाळावरून घाम ओघळत होता. डेलबर्टने एकदा काट्याकडे बघितलं, एकदा पट्टीच्या दिशेला, एकदा पोरीकडे. मग त्याने कोट पुन्हा झडपेवर दाबला आणि ती पूर्ण उघडली.

मोठा आवाज करत सगळा वायू गेला. बाटलीवर पांढरं हिम साचलं. आवाज थांबला तेव्हा काटा शून्यावर होता.

वीस मिनिटं उशिरा दोघं आत शिरले. मार्लाने हात त्याच्या कोपरात घातला, त्याने वरून आपला हात ठेवला, तशी ती दचकली. कोटातूनही गारठा पोचला होता, बोटं अजून पांढरीफटक.

"बर्फ झालाय नुसता," डेलबर्ट ओशाळून हात काढायला लागला.

"असू दे तिथेच," ती म्हणाली. "मला केव्हापासून उकडतंय."