अमावास्येच्या ओहोटीला सायकलवरून

मी सायकलवरून पडले नव्हते, सायकल स्टँडवर लावताना पडले होते. हा फरक घरात कुणालाच पटला नाही. घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि नवऱ्याने जाहीर केलं, की ही सायकल आता विकून टाकू. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या दिवशी अमावास्या होती. त्यामुळे त्यांच्या मते सायकल, स्टँड आणि मी, तिघंही निर्दोष होतो.

प्लास्टरमधला माणूस मोबाइलवर काहीही बघतो. मी जीवाश्म बघत बसले. आपल्याकडच्या काळ्या कातळात तसलं काही सापडत नाही हे कळल्यावर उगाच वाईट वाटलं. मग कुठेतरी वाचलं, की शेखाडीच्या पुढे किनाऱ्यावर वाळू आणि शंखशिंपले एकत्र घट्ट होऊन झालेला जुना दगड आहे. पण तो मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो, म्हणजे पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला, भल्या सकाळी. पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण असतो. राहिली अमावास्या.

प्लास्टर निघालं. म्हसळ्याचे डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालवा, घोटा मोकळा होईल. घरी सांगताना मी 'सपाट' तेवढं गाळलं.

"पुन्हा अमावास्येला?" सासूबाई कडाडल्या. "आणि कशाला, तर मेलेल्या शिंपल्या बघायला! बाजारात जित्या मिळतात, त्यांचं कालवण तरी होतं."

बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनी अट घातली. "सायकलीवर गेलीस तर सायकलीवरच परत यायचं. गाडीत घालून आणायला लागली, तर सायकल भंगारात." नवऱ्याने पेपर खाली केला, "मंजूर" म्हणाला आणि पेपर पुन्हा वर केला.

मलाही मान्य करावंच लागलं. सायकल मी पंचेचाळिशीत शिकले, तीही पोरं हसत असताना. घरातलं हे एकच वाहन, ज्यासाठी 'जरा सोडता का?' असं कुणाला विचारावं लागत नाही. ती गेली असती तर मी पार खचले असते.

अमावास्येला उजाडता उजाडता निघाले. नाक्यापर्यंत पोचते तोच मागे रिक्षा आली. आत सासूबाई. मांडीवर चहाचा थर्मास, हातात लिंबू-मिरची आणि पायाला बांधायची पट्टी. रिक्षा माझ्या मागे माझ्याच वेगाने येऊ लागली. रिक्षावाला वैतागून मधूनच हॉर्न वाजवायचा, की मी दचकायचे आणि सासूबाई त्याला झापायच्या.

चढणीला मी उतरले आणि सायकल ढकलू लागले. रिक्षातून आवाज आला, "पायी चाललेलं धरायचं न्हाय!"

"आजी, हातात धरली तरी सायकलच हाय ना?" रिक्षावाला म्हणाला. त्याच्यामुळे तो मुद्दा मी जिंकले.

पाणी लांब मागे गेलं होतं आणि दगड उघडा पडला होता. पीळ पडलेले बारीक शंख, रेघारेघांच्या शिंपल्या, सगळं जिथल्या तिथे घट्ट बसलेलं. मी उकिडवी बसून एकेकावरून बोट फिरवत राहिले. इतका आनंद मला मोबाइलवर झाला नव्हता. सासूबाई लुगडं वर खोचून आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"ह्या तर कालवणातल्या तिसऱ्याच."

"हो आई, पण दगड झालेल्या."

"कुणी खाल्ल्या न्हाईत, म्हणून झाल्या दगड."

उठायला गेले तर पाय टेकवेना. घोटा बटाटेवड्याएवढा सुजला होता. कशीबशी रस्त्यावर आले, सायकलवर बसले, एक पायडल मारलं आणि ओरडले. मग तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले. पायापेक्षा सायकलसाठीच जास्त. सासूबाईंनी पट्टी घट्ट बांधली, चहा पाजला आणि रिक्षावाल्याला सायकल मागे बांधायला सांगितलं.

आम्ही परत निघालो. सायकल मागे खडखडत होती. भंगारवाला कोणत्या दिवशी येतो, हे मला आठवत होतं.

घराच्या अलीकडच्या वळणावर सासूबाईंनी रिक्षा थांबवली.

"सायकल उतरव," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बस."

"आई, मला पायडल मारवत नाही."

"तुला कोण मार म्हणतंय? हँडल तेवढं सरळ धर."

मी सीटवर बसले. पदर खोचून, दोन्ही हात कॅरिअरला लावून त्यांनी सायकल ढकलायला सुरुवात केली. अंगणात शिरलो तेव्हा नवरा ओट्यावर दात घासत उभा होता. त्याने आधी माझ्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे.

"सगळा रस्ता सायकलवरच आली?"

"मी मागंच होते ना," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धड बोलवतही नव्हतं, इतकी धाप लागली होती, आणि कॅरिअरवरचे हात त्यांनी अजून काढले नव्हते.