डाकू दरीत पडला होता

वाचनालयाच्या मंडळींनो, आज संध्याकाळी सिनेमाच्या तंबूत ओरडला तो मीच. तुमच्या कानावर येईलच, म्हणून हे फळ्यावर लावतो आहे.

डाकूच्या सिनेमाचा नवा भाग होता. मागच्या भागात तो घोड्यासकट दरीत कोसळला, तेव्हा माझा थोरला भाऊ, दादा, शेजारी होता. तो म्हणाला, "मेला. आता जिवंत दाखवला तर ती लबाडी." मी म्हटलं, "वाचणार. लाव पैज." पुढे तापात दादाच गेला.

आज डाकू हसत आला. म्हणे त्याने आधीच घोड्यावरून उडी मारली होती. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी उठून म्हणालो, "खोटं आहे. तो पडला होता."

मागून लोहगडवाडीचा एक शेतकरी म्हणाला, "बसा की भाऊ. जिता हाय न्हवं? मग तुमाला का वाईट वाटतंय?"

शेजारच्या काकांनी मला ओळखलं. "दादाचं वर्ष झालं नाही, आणि तंबूत भांडतोस?"

रीत मलाही ठाऊक आहे. पण दादाचं म्हणणं मांडायला दुसरं कोण होतं? पैज मी जिंकलो, ती मला नको.

पुढच्या भागालाही जाणार, आणि पुन्हा लबाडी केली तर पुन्हा बोलणार. मागचा भाग तुमच्यापैकी कोणी नीट पाहिला होता?