बिनघंटीची हिरवी सायकल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही. ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्याला तर नाहीच. आयुष्यभर मी पत्रे लिहिली — नगरपालिकेला, वीज कार्यालयाला, पेन्शन विभागाला, ग्राहक मंचाला — आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेले असे : ‘आपण महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून ठेवली आहे.’ हे वाक्य मला फार प्रिय. ते लिहिताना मी कधी दोनदा विचार केला नाही. करायला हवा होता का? मला माहीत नाही. आज मीच दडवलेली वस्तुस्थिती तुम्हाला सांगायला बसलो आहे.

भिलाईच्या वैशाली नगरात लोक मला ओळखतात ते माझ्या रागामुळे. उघडे गटार दिसले की माझे डोके पेटते. दुकानदाराने पावती नाकारली की पेटते. निवृत्तीनंतर वकिलीची सनद पेटीत गेली, राग गेला नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र मी काही महिने एकही तक्रार लिहिली नाही. मी सायकल दुरुस्त करत होतो.

ती मला कॅम्प-एक वस्तीतल्या एका कबाडीच्या दुकानात, छताला टांगलेली दिसली. हिरवी, रेसची, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, पुढच्या नळीवर रशियन अक्षरांचा पत्रा. माझ्या तरुणपणी अगदी अशीच सायकल माझ्याकडे होती. इथल्या पोलाद कारखान्यात आलेले एक रशियन इंजिनीअर मायदेशी परतताना ती माझ्या वडिलांना देऊन गेले होते. वडील तिथे कारकून होते. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये तशी दुसरी नव्हती. म्हणजे — माझ्या माहितीत तरी नव्हती. हा खुलासा पुढे लागेल.

मी ती घरी आणली. पत्नी म्हणाली, “या वयात रेस लावायची आहे का? गुडघ्यांना विचारलंत?” मी कामाला लागलो. रॉकेलमध्ये चेन भिजवली, गंज खरवडला, एक्सलमधले झिजलेले छर्रे बदलले, ग्रीस भरले. मागच्या चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला मला पंधरवडा लागला. एक तार आवळावी तर दुसरी सैल पडे. कुणी विचारले, कशासाठी? तर सांगत असे, छंद; तरुणपणी अशीच होती. खरे कारण मलाही नीट सांगता येत नाही. जी वस्तू मीच नाहीशी केली होती, ती पुन्हा समोर उभी करून पाहावी, असे काहीतरी.

या कामात माझ्यासोबत रोज शालिकराम बसत असे. तो हुडको वसाहतीत मुलाकडे राहतो, ऑटोने येतो. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. मूळचा भंडाऱ्याकडचा, शेती सोडून कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, लागला होता. उजवा पाय आखूड, कुबडी काखेत. स्टुलावर बसून तो चाक धरी आणि मला टोमणे मारी.

“वकीलसाहेब, तुमी साऱ्या दुनियेले लेटर लिहिता. या सायकललेच एक नोटीस धाडा ना — पंधरा दिवसांत सीधी चाल, नाही त कोर्टात उभी करतो म्हून.”

आमची ओळख पन्नास वर्षांहून जुनी आहे. त्याच्या पायामुळे झालेली. मी त्याचे पहिले पत्र लिहिले. खरे तर ते माझ्याही आयुष्यातले पहिले पत्र. त्यानंतर त्याच्या मुलाच्या शाळेचे, बायकोच्या औषधोपचाराचे, निवृत्तीच्या हिशेबाचे — सारे मीच लिहिले. दर संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन येतो आणि सुनेला सांगतो, “हे नसते ना पोरी, त मी स्टेशनावर हात पसरून बसलो असतो.” सून वाकून नमस्कार करते. मी तो घेतो. दरवर्षी घेतो. कळते आहे का तुम्हाला, माझे बोलणे कुठे चालले आहे? मला कळते, आणि तरीही मी सायकलच्या ताराच मोजत बसलो आहे.

तर ती पहाट.

मी एकोणीस वर्षांचा होतो. शर्यतीच्या सरावासाठी पहाटे निघत असे. वजन कमी व्हावे म्हणून दिवा काढून टाकला होता, घंटीही काढली होती. हिवाळा, दाट धुके, रस्त्यावरचे दिवे बंद. मी उजव्या बाजूने येत होतो, कारण तिकडचे डांबर गुळगुळीत होते. दिवा नाही, घंटी नाही, बाजू चुकीची — पुढे कोर्टात मी अशा गोष्टी बोटांवर मोजून दाखवल्या, दुसऱ्यांच्या. समोरून पहिल्या पाळीचा एक कामगार काळ्या सायकलीवर येत होता. मी मान खाली घालून पूर्ण वेगात होतो. तो मला दिसला तेव्हा त्याच्या डब्याची कडीसुद्धा दिसली, इतका जवळ.

मी रस्त्यावर पडलो. तो नालीत. माझे कोपर सोलवटले, बस्स. तो खालून बोलला. किंचाळला नाही, बोलला — “कोन हाये बावा? मले उचल जरा. पाय नाही हलून राहिला.”

मी तिथे उभा होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. त्याने पुन्हा म्हटले, “हायेस का?” माझा श्वास त्याला ऐकू जात असणार. माझ्या सायकलचे पुढचे चाक धरणारा चिमटा वाकून ते चाक अडकले होते. मी ते चाक उचलून धरले, मागच्या चाकावर सायकल ढकलली आणि निघून गेलो.

तो उजाडेपर्यंत नालीतल्या पाण्यात पडून होता. मांडीचे हाड कमरेपाशी मोडले होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले असते तर पाय इतका आखूड झाला नसता. हे मी त्यांच्या तोंडून ऐकले, कारण मी इस्पितळात गेलो होतो. का गेलो? पश्चात्तापाने, असे लिहिणे सोपे आहे. तो मला ओळखतो का, हे पाहायला गेलो. त्याने ओळखले नाही. मी सायकल आधीच भंगारात दिली होती; वडिलांना सांगितले, खड्ड्यात पडलो.

कामावरून काढतील या भीतीने तो रडत होता. अर्ज करायचा होता, लिहिता येत नव्हते. मी म्हणालो, मी लिहितो. मी रस्त्यावरच्या बंद दिव्यांवर लिहिले. अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणावर लिहिले, खऱ्या संतापाने लिहिले. तो म्हणाला, “एका सायकलवाल्यानं धडक देल्ली आन् पळून गेला, ते बी लिवा.” मी त्याला समजावले की ते लिहू नये. अज्ञात माणसावर दोष गेला की कार्यालय हात झटकेल, प्रकरण कमकुवत होईल. कायदेशीर सल्ला म्हणून तो चूक नव्हता. त्याने मान डोलावली आणि अंगठा दिला. दिवे लागले. त्याला गेटवर हलके काम मिळाले. लोक मला ‘वकील’ म्हणू लागले, मी कायदा शिकण्याच्या कितीतरी आधी.

गेल्या महिन्यात सायकल पूर्ण झाली. मी ती उलटी उभी केली होती. शालिकरामने तिच्याकडे नीट पाहिले.

“घंटी नाही लावली?”

“रेसच्या सायकलला नसते.”

“आन् लाईट?”

“तोही नसतो.”

त्याने हसून मागचे चाक हाताने फिरवले आणि सोडले. फ्रीव्हीलची टिकटिक सुरू झाली. आपल्या काळ्या सायकलींपेक्षा ती बारीक असते, दाट. शालिकरामचे हसू थांबले. चाक थांबेपर्यंत तो ऐकत राहिला. मग त्याने ते पुन्हा फिरवले.

“साहेब, हाच आवाज होता. तो पोरगा गेला ना मले टाकून, तवा असाच आवाज दूर दूर जाऊन राहिला होता. मी आजपावतो इसरलो नाही.”

मी रंगाच्या डब्याचे झाकण लावत होतो. ते नीट बसत नव्हते.

“तुमची बी अशीच होती म्हनता ना?” त्याने विचारले. “मंग तुमाले मालूम असन. तवा भिलाईत अजून कोनाजवळ होती अशी?”

त्याच्या आवाजात संशय नव्हता. मी शोधला, सवयीने शोधला. साक्षीदाराच्या आवाजात काय असते हे मला कळते. तो मला विचारत होता, कारण मला सगळे माहीत असते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. गुन्ह्याची मुदत केव्हाच संपलेली आहे, मला कुठलीही शिक्षा होणार नव्हती. हेही त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेले. वकिलाच्या मनात हेच येते.

मी म्हणालो, “रशियन साहेबांच्या पोरांकडे होत्या. ते सगळे आपल्या देशात परत गेले, शालिकभाऊ.”

 त्याने कुबडी मांडीवर आडवी घेतली.

“म्हंजे आपला नव्हता त तो.”

“नव्हता.”

“त्याले माही बोलीच नसन समजली,” तो म्हणाला. “मी उचल म्हनून राहिलो, आन् त्याले काय समजते? लेकरू भेलं असन. बरं झालं साहेब, सांगतलं तुमी. इतके साल मी गेटवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याच्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो. वाटे, याच्यातलाच कोनी आपला मानूस असन.”

त्या दिवशी तो चहा न घेताच गेला. सुनेला सांगायचे आहे म्हणाला.

त्यानंतरही तो येतो. हलका झाला आहे, जास्त हसतो. पत्नीनेही हे माझ्याजवळ बोलून दाखवले. मला त्याचे बरे वाटत नाही, वाईटही वाटत नाही. राग यावा म्हणून मी परवा एक उघडे गटार बराच वेळ पाहत उभा राहिलो, तोही आला नाही.

वस्तुस्थिती एवढीच आहे. ते पोर रशियन नव्हते. त्याला शालिकरामची बोली पूर्णपणे समजत होती. तीच बोली त्याच्या घरात बोलत. त्याला प्रत्येक शब्द समजला, आणि तो गेला.