कुसुमआत्याची मूठ

कुणाच्याही घरी दुधाचा पेला पुढे आला, की कुसुमआत्या आधी विचारायची, "गाय कुठं चरते?" यजमानांचा चेहरा उतरायचा आणि आम्हा भाचरांना हसू आवरायचं नाही. दूध मात्र ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची.

ही खोड तिला चेर्नोबिलची. बेला गावाजवळच्या आमच्या खेड्यातून मातीचा अभ्यास करून नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. नव्वद सालानंतर तिला तिकडे धाडलं होतं, अणुभट्टीच्या अपघातानं बाधलेल्या शिवारात पुन्हा काय पिकवता येईल ते पाहायला. "जमीन मरत नाई," ती सांगायची, "आजारी पडते. पथ्य लई वर्सं पाळा लागते, एवढंच." काही शिवारं नातवंडांनाही बंदच राहतील, हेही ती लपवत नसे.

वर्षभरानं ती परतली, नेमकी पेरणीच्या तोंडावर. आमच्याकडे पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे तिफणीत बी सोडायचं, ते हाताला यश असलेल्या बाईनं. तो मान आत्याचा. त्या वर्षी कुणी बोलावलं नाही. तिच्या हाताचं तिकडचं विष बियात उतरेल, अशी कुजबुज होती. सख्खे भाऊ असून आमचे बाबाही मान खाली घालून म्हणाले, "यंदा राहू दे, कुसुम." मला त्यांचा भयंकर राग आला.

आत्या मात्र म्हणाली, "भेव वाटनंच बरं. जमिनीवर जीव हाये म्हणून वाटते." येताना अंगाची तपासणी होते, तिथले कपडे-बूट तिथंच ठेवावे लागतात, हे ती ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायची. लोक माना डोलवायचे आणि मूठ धरायला दुसरी बाई बोलवायचे.

शेजारच्या गंगाकाकूंनी वेगळंच विचारलं. "तिकडल्या बाया गायी पाळत नाईत काय वं?"

"पाळतात ना. एका म्हातारीच्या गायीचं दूध बंद केलं होतं. विष गवतात कमी चढावं म्हून आमी तिच्या कुरणात पोटॅश खत टाकलं, गवत नव्यानं पेरलं, दूध तपासत राह्यलो. चांगलं निघालं त्या दिवशी तिनं पयला पेला मलेच देल्ला."

"अन् तू पेली?"

"पेली. तपासलेलं होतं. पन ती माह्याकडंच पाहून राह्यली होती, काकू. मी नाई म्हटलं असतं, तं तिनं कधीच पेलं नसतं."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या वावरात तिफण जुंपली, तेव्हा बांधावर निम्मं गाव उभं होतं. काकूंनी ज्वारीचं बी आत्याच्या ओटीत ओतलं.

"धर मूठ," त्या म्हणाल्या. "पाहून राह्यले सारे."

आत्या रडत रडत चालली, पण बी सारखं पडत गेलं.

पुढच्या वर्षी बाबा स्वतः तिला बोलवायला गेले. "येतो ना दादा," आत्या म्हणाली, "पयले काकूचं होऊ दे."