फोटोतला पाणघोडा

डॉ. पंचशीला सोनकांबळे यांनी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, पण धडधाकट जनावर त्यांच्या वाट्याला क्वचितच आलं. लोक आणायचे ते पोट फुगलेलं, नाहीतर खूर सडलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. आफ्रिकेत जायचं आणि माणसाचा हात न लागलेली जनावरं एकदा डोळे भरून बघायची.

सोबतीला मलिका शेख, लातुरातली त्यांची शेजारीण. भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिच्या जेवणाच्या टेबलावर दोघींनी नकाशा पसरला आणि झांबियातल्या एका नदीकाठचा लहानसा कॅम्प नक्की केला. सहा तंबू, एक उघडी जीप, आणि फिरी नावाचा गाइड.

"फिरवणाऱ्याचं नावच फिरी," मलिका म्हणाली. "लई झ्याक."

हे २०१६ सालचं. लातूरला महिन्यातून एकदा नळ यायचा, तोही नंतर बंद झाला. टाकीपाशी जमावबंदी लागली, पोलीस उभे राहिले, रेल्वेनं पाणी येऊ लागलं. अशात दोघी हिवतापाच्या गोळ्या, खाकी कपडे, दुर्बीण यांच्या याद्या करत बसायच्या. जायचं सप्टेंबरात ठरलं. फिरीनं लिहिलं होतं, तेव्हा नदी आटलेली असते. पाणी जितकं कमी तितकी जनावरं जास्त दिसतात.

"मग तर सफारी लातुरातच लावायला पायजे," मलिका म्हणाली. "टाकीपाशी बघ की, सगळं गाव गोळा झालंय."

दोघी हसल्या. पंचशीलाबाईंचं हसू मात्र लवकर विरलं. फिरीचं ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.

मे महिन्यात फिरीचा मेल आला. यंदा पाऊस झालाच नाही, त्यानं लिहिलं होतं. सप्टेंबरात दिसायचं ते आत्ताच दिसू लागलंय. सोबत चार फोटो होते. पहिल्या तीन फोटोंत चिखलाच्या डबक्यात खेटून उभे असलेले पाणघोडे. उन्हाची वेळ असूनही काही बाहेर येऊन मातीलगतचं गवत कुरतडत होते. चौथ्यात एक मेलेला पाणघोडा, पोट टम्म फुगलेलं. पाय चारी दिशांना. नाकाखाली वाळूवर काळपट रक्ताचा ओघळ. पलीकडे टोपल्या आणि सुरे घेऊन चालत येणारी माणसं.

"निसर्गाचं चक्र," फिरीनं खाली लिहिलं होतं.

पंचशीलाबाईंनी फोटो मोठा करून बघितला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नुसत्याच ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

हे त्यांनी आधी पाहिलं होतं. लातूर नवा जिल्हा झाला त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. देवणीच्या दवाखान्याच्या पाटीवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलेलं, आणि खालून जुनी अक्षरं अजून दिसायची. त्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याचा देवणी बैल उभ्याचा आडवा झाला. नाकातून रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. पंचशीलाबाईंनी ओळखलं, हा फाशी रोग, अँथ्रॅक्स. जनावर कापायचं नाही, उघडायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं, नाहीतर त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

"हात लावू नका, मामा," त्या शंकरप्पांना म्हणाल्या. शंकरप्पा दवाखान्यातले जुने ड्रेसर.

पण बैलाचा विमा होता. कानातला बिल्ला कानासकट नेल्याशिवाय दावा मंजूर होत नव्हता. शेतकरी पाया पडायला लागला. शंकरप्पा म्हणाले, "बाई, तुमी नवीन हाव. असले लई कान कापले म्या." भोवती सगळी थोराड माणसं उभी होती. त्यांच्यात ही एकटी पोरसवदा बाई, आणि तिची जात सगळ्यांना ठाऊक. ती गप्प राहिली. शंकरप्पांनी उघड्या हातानं कान कापला.

शंकरप्पांच्या मनगटावर फोड आला. तो दुखत नव्हता, म्हणून त्यांनी बाहीखाली झाकला. मधोमध काळा पडला तेव्हाही सांगितलं नाही. नवव्या दिवशी त्यांना लातूरला नेलं. परत आणलं ते मोटारीत आडवं करून.

पंचशीलाबाई ओट्यापासून निघाल्या आणि सरळ फिरीला फोन लावला. तिकडे सकाळचे दहा वाजले होते.

"ते मांस कुणी नेलं?"

"गावकऱ्यांनी, मॅडम. दुष्काळ आहे. एवढं मांस वाया का घालवायचं?"

"आणखी किती मेले?"

"काल पाच होते. आज मोजले नाहीत."

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. मांस खाल्लेल्या, कापलेल्या प्रत्येकाला आजच दवाखान्यात न्या, उरलेलं मांस जाळा, मेलेल्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका.

"मॅडम, तुम्हाला सहल रद्द करायची आहे का? तसं सरळ सांगा."

"मला यायचंय," पंचशीलाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही खाल्लंत का, ते आधी सांगा."

फिरीनं फोन कट केला.

त्या दिवशी त्यांनी सोळा वेळा फोन लावला. उचलला गेला नाही. मलिकानं तिकडच्या सरकारी पशुवैद्यकीय कचेऱ्यांचे पत्ते शोधून दिले, आणि दोघींनी दिसेल त्या पत्त्यावर फोटो आणि पत्र पाठवलं.

"तुझं ऐकतील का गं?" मलिकानं विचारलं. "इतक्या दुरून?"

"नाही ऐकलं तर उद्या परत लिहीन. परवा परत."

खरंच, त्यांनी रोज लिहिलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. एका अधिकारीणबाईंनी कळवलं होतं, नमुना तपासला, तुमचं निदान बरोबर आहे. तीस-पस्तीस जणांना औषध सुरू केलंय. फिरी इस्पितळात आहे, सुधारतोय. कॅम्पचा स्वयंपाकी मात्र वाचला नाही.

कॅम्प बंद झाला. दोघींची सहल त्या वर्षी राहिली.

पुढच्या सप्टेंबरात त्या गेल्या. विमानपट्टीवर फिरी घ्यायला आला होता. जरा वाळलेला, पण ठीक. दोन दिवस त्यानं खूप काही दाखवलं. हत्ती पाहून मलिका रडली. तिसऱ्या दिवशी पंचशीलाबाई म्हणाल्या, "आज जीप स्वयंपाक्याच्या गावात न्या."

त्याची बायको अंगणात बसली होती. फिरीनं ओळख करून दिली, फोटो बघून रोग ओळखणारी बाई ती हीच. तिनं पंचशीलाबाईंना बसायला चटई दिली. मग काहीतरी विचारलं.

"तुम्हाला मिळाला तेव्हा तो फोटो किती दिवसांचा होता, असं विचारते," फिरी म्हणाला. पुढचं तो खाली बघून बोलला. "मी तो चार दिवसांनी पाठवला होता."

पंचशीलाबाईंनी बोटं दाखवली. चार. बाईनं मान हलवली. फिरीकरवी तिनं सांगितलं, नवऱ्यानं पहिल्याच दिवशी मांस आणलं होतं, घरात सगळ्यांनी खाल्लं होतं, आणि का कोण जाणे, गेला तो एकटाच. पंचशीलाबाईंनी तिचा हात धरला.

निघताना त्यांचं लक्ष नदीकडे गेलं. पाणी पुन्हा खाली गेलं होतं. काठावर, मागच्या साली पाणघोडे मेले त्या उतारावर, पंधरा-वीस शेळ्या चरत होत्या. गवत इतकं आखूड होतं की त्यांच्या तोंडाला माती लागत होती.

"शेळ्या कुणाच्या?"

"गावाच्याच."

"लस टोचलीय?"

फिरीनं शेळ्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला.

पंचशीलाबाई जीपमधून खाली उतरल्या.